म्हाताऱ्या ट्रॅक्टरास लोडर जोडिल्याची हकीकत

लोखंड उघड्यावर पडिले तर गंजते आणि बंधुप्रीती अबोल्यात पडिली तर गंजते; परंतु लोखंडाचा गंज डोळ्यांस दिसतो, दुसरा दिसत नाही, म्हणोन शहाण्यांनी त्या दुसऱ्याची धास्ती अधिक बाळगावी, ऐसे वडील सांगत आले. हे ध्यानी धरोन, उभयतां बंधूंनी जुन्या ट्रॅक्टरास पुढला लोडर जोडिला त्या मोहिमेचे वर्तमान, घडले तैसे, पदरचे काही न घालता, येथे लिहिले आहे.

थोरले बंधू हे त्या ट्रॅक्टराचे खासे स्वार. ट्रॅक्टर वडिलांचे हातचा, रंग उडालेला, आसनी पोते अंथरलेला, आणि घरात त्यास अवघे 'म्हातारा' म्हणत. थोरल्यांची त्यावर पितृवत निष्ठा. गोठ्यामागे शेणखताचा ढीग पर्वतप्राय जाहला, आणि फावडे मारिता मारिता थोरल्यांचे कंबरेने व धाकट्यांचे खांद्याने एकाच हंगामात शिकस्त खाल्ली, तेव्हां धाकट्यांनी मसलत दिली की म्हातारा भंगारात द्यावा आणि नवे यंत्र आणावे. हे ऐकोन थोरल्यांचे मस्तकी तिडीक गेली, आणि मग उभयतांत अबोला पडिला. सरतेशेवटी तह ठरला तो ऐसा: शनिवारी सूर्य मावळण्याआधी म्हाताऱ्याने ढीग हलविल्यास तो घरी राहील; न हलविल्यास रविवारी भंगारवाला येऊन घेऊन जाईल, आणि थोरल्यांनी ब्र काढू नये.

मग थोरल्यांनी दुसऱ्या बनावटीच्या ट्रॅक्टरावरोन उतरविलेला लोडर पैदा केला. दोन लोखंडी बाहू, पुढे बकेट, बगलेस हायड्रोलिकच्या नळ्या, ऐसा त्याचा थाट. तो साखळीने शेडच्या तुळईस टांगिला आणि कामास हात घातला. एकाने धरावे आणि दुसऱ्याने आवळावे ऐसे हे काम. परंतु अबोला कायम, म्हणोन जाबसाल सारा थोरल्यांचे कुटुंबाचे मार्फतीने चालला, ज्यांस धाकटे वहिनी म्हणत. उभयतांत हातभर अंतर, आणि मध्ये वकील उभे.

"त्याला सांग, मोठा पाना दे."

"भाऊजी, मोठा पाना द्या."

"वहिनी, त्यांना सांगा, पाना त्यांच्याच पायाखाली आहे."

याच दरबारी धाकट्यांनी अर्ज गुजारला की बकेट भरली म्हणजे भार अवघा पुढे येईल, सबब मागे वजन अडकवावे. अर्ज पेश होताच नामंजूर जाहला. "त्याला सांग," थोरल्यांचा हुकूम सुटला, "म्हाताऱ्याला टेकू लागत नाही."

मग लोडर ज्यांवर बसावयाचा ते दोन ब्रॅकेट बसविण्याचा प्रसंग आला. डावे अंग थोरल्यांनी मापिले आणि उजवे धाकट्यांनी. थोरल्यांनी माप धरिले ते पुढल्या आसापासोन. धाकट्यांनी धरिले ते जमिनीपासोन, आणि त्या अंगास शेडची जमीन खचलेली. एकमेकांस माप पुसणे म्हणजे शरण जाणे, ऐसे दोघांचेही मत, म्हणोन कोणी पुसले नाही. दोघांनी आपापले भोक मोठ्या सुबकपणे पाडिले, आणि लोडर चढविताच एक खांदा उंच व एक नीच ऐसा तिरपा बसला.

वेल्डर, ज्यांस अवघे 'ठिणगी' म्हणत, त्यांस पाचारण केले. त्यांनी चहूबाजूंनी फिरोन पाहिले आणि निवाडा दिला. "हा लोडर आहे की रुसलेला जावई?"

तेणेकरोन वहिनीसाहेबांचा संयम सरला. "एका ट्रॅक्टरला दोन भावांची दोन मापं! तोंडांना कुलूप तुमच्या, आणि किल्ली माझ्या कमरेला का? बास. आजपासून माझी वकिली बंद!" ऐसे बोलोन त्या घरात निघोन गेल्या आणि दार लोटिले.

ठिणगींनी उजवा ब्रॅकेट गॅसने कापोन पुन्हा नीट जोडिला. उभयतां बंधूंनी भुवया, बोटे आणि खाकरणे यांचे बळावर नळ्या जोडिल्या, तेल भरिले, आणि तोवर शनिवारचा दिवस कलला.

थोरले म्हाताऱ्यावर आरूढ जाहले आणि बकेट ढिगात खुपसोन त्यांनी लीव्हर ओढिला. जुना पंप, जुने तेल. परंतु सभेत वृद्ध पुरुष उठावा तैसी बकेट सावकाश, मानाने वर निघाली. थोरल्यांचा ऊर भरोन आला. आसन किंचित पुढे कलल्याचे त्यांस जाणवले, परंतु म्हातारा कृतज्ञतेने लवतो आहे ऐसा त्यांनी अर्थ लाविला. वास्तविक मागली चाके जमीन सोडोन वर निघाली होती. धाकटे मागे उभे राहोन दोन्ही हातांनी खुणा करीत होते. परंतु पाठीस डोळे नसतात, आणि वकील घरात.

"दादा! खाली घे! मागची चाकं सुटली, खाली घे रे!"

अबोला पडिल्यापासोन थोरल्यांनी ही हाक ऐकिली नव्हती. बकेट खाली घेणे म्हणजे हार कबूल करणे, हे त्यांस ठाऊक होते. परंतु त्या हाकेत जिंकल्याचा सूर नव्हता. निव्वळ भय होते, आणि ते भय ट्रॅक्टराविषयी नव्हते. थोरल्यांनी लीव्हर लोटिला. बकेट खाली आली, चाके धाडकन टेकली, आणि थोरले पायउतार जाहले.

"किती उचलली होती?"

"चांगली वीतभर."

"मग मागच्या वजनाचं आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की!"

"तिला सांगितलंस. मला कुठं सांगितलंस?"

भांडण ऐकोन वहिनीसाहेब दारात आल्या. "भांडताहेत ना? मग झालं!" ऐसे म्हणोन पुन्हा आत गेल्या.

मग सिमेंटचा एक फुटका हौद दगडांनी भरिला आणि, नांगर अडकवितात त्या मागल्या दांड्यांस, दोघांनी मिळोन टांगिला. एकाने धरिले, दुसऱ्याने आवळिले. म्हातारा पुन्हा ढिगावर चालोन गेला, बकेट भरली, उचलली, आणि चारी चाके भूमीस धरोन राहिली. खेपेमागोन खेप पडली, आणि सूर्य मावळला तेव्हां ढीग निम्मा शिल्लक होता.

तहाचे कलम स्पष्ट होते. थोरल्यांनी इंजिन बंद केले आणि किल्ली काढोन, मुकाट्याने, धाकट्यांपुढे धरिली. धाकट्यांनी ती पाहिली, घेतली नाही, आणि फोन काढोन भंगारवाल्यास सांगितले:

"उद्या येऊ नका. नाही, द्यायचा नाहीये. हो, दादाला विचारलं. समोरच उभा आहे." मग फोन खिशात घालोन म्हणाले, "दिवे लाव. उरलेलं उरकून टाकू."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि ढिगाचा मुलूख मोकळा जाहला. ज्यांनी धरिले, ज्यांनी आवळिले, ज्यांनी जोडिले आणि ज्यांनी वेळीच दार लोटिले, त्या सर्वांस ईश्वर निरोगी कंबर, शाबूत खांदे आणि एकमेकांस हाक मारण्याची बुद्धी देवो.