आधी लायसन दाखवा

सोसायटीच्या बोर्डावर ‘इमारत मजबूत आहे’ असं प्रमाणपत्र लागलं आणि मारोतरावांचं डोकं फिरलं. खाली इंजिनीअरची सही होती, महापालिकेचा नोंदणी क्रमांक नव्हता.

त्यांनी सेक्रेटरी रूपेशला गेटावरच गाठलं. “हा इंजिनीअर जिना तरी चढला का? गाडीच्या काचेतून इमारत तपासतो! नोंदणी कुठंय त्याची?”

“काका, माझ्या वलखीचा हाय. टेन्शन कशाला घेता?”

“स्लॅब पडायला लागला की त्याला तुझी ओळख सांगू का?”

बायको, गोजराबाई, गेल्यापासून मारोतरावांच्या घरात भांडायला कोणी उरलं नव्हतं. ती सगळी भांडणं आता सोसायटीच्या वाट्याला येत. प्लंबर आला, लायसन दाखव. लिफ्टवाला आला, लायसन दाखव. शेवटी वैतागून कमिटीनं नोंदणी असलेली इंजिनीअर बोलावली. तिचं, प्राचीचं, लायसन मारोतरावांनी उजेडात धरून वाचलं.

“शाब्बास! आता कोणाची भीड धरू नका.”

तिनं धरली नाही. मारोतरावांच्याच गॅलरीत ती थबकली. तिथं सिमेंटची टाकी काठोकाठ भरलेली होती आणि तीत गोजराबाईंची कमळं होती.

“काका, ही गॅलरी भिंतीबाहेर आहे. एवढी माती, एवढं पाणी तिला झेपणार नाही. खालून तडे गेलेत. टाकी आजच काढा, नाहीतर मी सही करणार नाही.”

“तुमचं लायसन बनावट आहे!”

“मघाशी तुम्हीच तपासलंत.”

मागे रूपेश खो खो हसत सुटला.

“हसतोस काय, लेका? नांदेडहून मांडीवर घेऊन आली ती हा कंद! एसटीत कोणाला हात लावू दिला नाही!”

रूपेशचं हसू थांबलं. त्यानं खाली मान घालून विचारलं, “मॅडम, एक बादली माझ्या गॅलरीत चालंल?”

“एक बादली चालेल.”

मग समोरच्यांनी एक मागितली, वरच्यांनी एक. कंद तोडताना मारोतराव प्रत्येकाच्या अंगावर ओरडले. संध्याकाळी रिकामी टाकी फोडून काढली आणि प्राचीनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी रूपेशची बेल दाबली. साखळी न काढताच त्यानं दार किलकिलं केलं.

“काय काका?”

“कमळ तपासायचंय.”

“आधी लायसन दाखवा.”

मारोतराव लालबुंद झाले. त्यांनी खिशात हात घातला आणि गोजराबाईंची पानं छाटायची गंजकी कात्री त्याच्या नाकासमोर धरली.

रूपेशनं मुकाट्यानं साखळी काढली. “या. पन ओरडू नका, पोर झोपलंय.”

“पाणी एवढंच घातलंस?” मारोतराव गॅलरीतून ओरडले.