केलगेरीच्या बांधावर माझी शिट्टी

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या, केलगेरीच्या बांधाला शिस्त लावून दाखवतो!" असं मी डॉक्टर हणमंतरावांना छातीवर हात ठेवून सांगितलं.

"आधी हात काढा," डॉक्टर म्हणाले. "मी तिथंच तपासतोय. आणि सदाशिवराव, तुम्हाला शिस्त लावायला नाही, चालायला सांगितलंय. रोज दोन मैल. जमलं तर तोंड बंद ठेवून."

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. धारवाडात सुभाष रोडवर आमचं भांड्यांचं दुकान. मी तिथं तीस वर्षं गादीवर बसलोय आणि बसल्याबसल्या गादीच्याच आकाराचा झालोय. पण दुकानात माझा दरारा असा, की मी नुसतं खाकरलो तरी गिऱ्हाईक घासाघीस थांबवतं! असल्या माणसाला एक तळ्याचा बांध काय जड?

"मीपण येते की," आमची इंदुमती म्हणाली. "तेवढीच सकाळची हवा."

मी मोठ्या मनानं परवानगी दिली. इथंच फसलो!

पहाटेची पहिली सिटी बस धरून आम्ही केलगेरीच्या तळ्यावर गेलो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला चिंचेची झाडं, मधून बैलगाडीच्या रुंदीची वाट. बांध संपला की तीच वाट ओढ्याच्या काठानं लांबवर जायची. आणि त्या एवढ्याशा वाटेवर काय नव्हतं? चार पेन्शनर भिंतीसारखे शेजारी शेजारी चालत होते. त्यांचे पुढारी निवृत्त हेडमास्तर बाळकृष्णपंत. समोरून गवताचे भारे घेतलेल्या बाया. पलीकडून मल्लाप्पा गवळ्याच्या चौदा म्हशी. आणि मागून सायकली! मी वाटेच्या बरोबर मधून चाललो होतो, कारण पुढाऱ्यानं मधूनच चालायचं असतं. एवढ्यात एक सायकल माझी बाही चाटून गेली.

"ए! थांब! घंटी नाही? डोळे नाहीत? वळण नाही? पहिली गोष्ट म्हणजे..." मी सुरू केलं. दुसऱ्या गोष्टीला पोचलो तोवर तो सायकलवाला ओढ्यापलीकडं पोचला होता!

परत येताना तोच भेटला. इंदुमतीनं नुसता हात वर केला. तो उतरलाच!

"कुठं चाललास रे बाळ, एवढ्या घाईनं?"

"कॉलेजात शिकवतो, अक्का. प्रभंजन माझं नाव. त्याआधी इथं एक फेरी मारतो."

"मग घंटी का वाजवत नाहीस?"

"वाजवली की लोक दचकतात हो. परवा एक आजोबा दचकून सरळ तळ्याकडंच निघाले!"

"अगदी मागं येऊन वाजवलीस तर दचकणारच. लांबून वाजव. आणि जवळ आलास की तोंडानं सांग, कुठल्या बाजूनं येतोस ते."

दुसऱ्या दिवशी लांबून किणकिण ऐकू आली आणि पाठोपाठ आवाज आला, "अक्का, उजवीकडनं येतो हं!" आम्ही डावीकडं झालो. प्रभंजन हसत पुढं गेला. हसला तिच्याकडं बघून! मी काय वेगळं सांगितलं होतं? उलट जास्तच सांगितलं होतं!

म्हशींचं तेच. मी मल्लाप्पाला म्हणालो, "ह्यांना रांगेत चालव." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी म्हशींना भजन म्हणायला लाव म्हटलंय. इंदुमती मात्र पुढच्या म्हशीजवळ गेली आणि तिचं नाव विचारलं.

"गंगव्वा," मल्लाप्पा खुलला.

"ही नेहमी पाण्याच्याच अंगानं का चालती?"

"तिला मनात येईल तेव्हा पाण्यात उतरायचं असतंय, अक्कार. मध्ये माणूस आला, तर माणसासकट उतरती!"

झालं! त्या दिवसापासून इंदुमतीनं सगळ्यांना एकच सांगायला सुरुवात केली. पाण्याची बाजू म्हशींची, झाडांची बाजू माणसांची. बाळकृष्णपंतांना म्हणाली, "मास्तर, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला बाजूला होता येत नाही हो. ती दिसली की तुम्ही दोघं पुढं, दोघं मागं व्हा की." ज्या माणसानं चाळीस वर्षं धारवाडातल्या पोरांना रांगेत उभं केलं, तो मुकाट्यानं रांगेत चालायला लागला! सांडव्याजवळ वाट अरुंद होते. तिथं सायकलवाले आपणहून उतरायला लागले. पंधरा दिवसांत बांध घड्याळासारखा चालू लागला.

आणि मी जळायला लागलो.

भाऊ, शेजारी, भागीदार, ह्यांच्यावर जळणारी माणसं मी खूप बघितली. पण स्वतःच्या बायकोवर जळणारा धारवाडात मी एकटाच असणार! आणि ह्यात गैरसोय अशी, की घरी येऊन बायकोपाशी मन मोकळं करावं म्हटलं तर तेही करता येत नाही!

तिला पेरू मिळायचे. तिला ताजी मेथी मिळायची. मल्लाप्पाची म्हैस व्याली तेव्हा खरवसाचं पातेलं आलं ते 'अक्कांसाठी' आलं. मी त्यातल्या तीन वाट्या खाल्ल्या, पण रागानं खाल्ल्या! एकदा एका नव्या माणसानं माझ्याकडं बोट करून विचारलं, "हे कोण?" बाळकृष्णपंत म्हणाले, "हे आपल्या अक्कांचे यजमान." अक्कांचे यजमान! सुभाष रोडवर फूटभर उंचीच्या पितळी अक्षरांत ज्याचं नाव आहे, त्याला हे ऐकायचं!

मी पेंटरकडून फळा रंगवून घेतला. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत अकरा नियम. चिंचेला ठोकला. तो पहिल्यांदा कुणी मनापासून वापरला असेल तर गंगव्वानं. तिला पाठ खाजवायला तशीच जागा हवी होती. चार दिवसांत सातवा नियम पुसला गेला आणि आठव्यावर शेण आलं.

"अहो, एवढं वाचत कोण थांबतंय?" इंदुमती म्हणाली. "माणसाला नावानं हाक मारून सांगितलं की पुरतं."

तिचं बरोबर होतं. म्हणून तर जास्त लागलं! मी त्याच संध्याकाळी बाजारातून शिट्टी आणली. पितळी, पोलिसांची असते तसली!

दुसऱ्या दिवशी सांडव्याजवळच्या वळणावर सगळं जमून आलं. समोरून म्हशी येत होत्या, पाण्याच्या अंगानं, ठरल्याप्रमाणे. बाळकृष्णपंतांची मंडळी झाडांच्या अंगानं, दोन पुढं, दोन मागं. मागून प्रभंजन सायकल हातात धरून चालत होता. कुणाची काही चूक नव्हती. कुणी कुणाला अडवत नव्हतं. सगळं आपोआप, माझ्यावाचून, सुरळीत चाललं होतं. हेच मला बघवेना!

मी वाटेच्या मधोमध गेलो, एक हात वर केला आणि गाल फुगवून शिट्टी फुंकली.

फुर्रर्रर्र!

गंगव्वा थांबली. तिच्या आयुष्यात असला आवाज आला नसावा. मागच्या तेरा म्हशी तिच्यावर आदळल्या. त्यांतल्या दोन झाडांच्या बाजूला वळल्या. दोन पेन्शनर चिंचेला मिठी मारून उभे राहिले, बाकीचे दोन त्या दोघांना. प्रभंजननं सायकल आडवी केली, ती बाळकृष्णपंतांच्या छत्रीत अडकली आणि छत्री फाडकन उघडली! उघडलेली छत्री बघून गंगव्वाच्या मनात जे काही असेल ते पक्कं झालं. ती वळली आणि पाण्यात उतरली.

म्हशींना चुकवत मी नेमका पाण्याच्या काठाशी आलो होतो. मध्ये मी होतो.

मल्लाप्पानं सांगितलं होतं तसंच झालं. माणसासकट!

"सगळे जिथं आहात तिथं थांबा!" इंदुमतीचा आवाज आला. ओरडली नाही, नुसतं मोठ्यानं म्हणाली. सगळे थांबले. म्हशीसुद्धा! "मास्तर, छत्री मिटा. प्रभंजन, सायकल झाडाला लाव. मल्लाप्पा, तू आधी झाडांकडच्या म्हशींना पाण्याच्या अंगाला घे."

"आणि तुमचे यजमान?" मल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी गंगव्वाच्या शेपटीला धरून गटांगळ्या खात होतो.

"आधी म्हशी. ह्यांचं काय, ह्यांना थांबता येतंय."

"मला पोहता येत नाही!" मी ओरडलो.

"अहो, मग उभे राहा की!"

मी उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं.

सहाजणांनी मला बाहेर काढलं. हसलं कुणीच नाही. हसले असते तर परवडलं असतं! सगळे तिच्याकडं बघून हळहळत होते, "अक्का, काळजी करू नका हं!" तळ्यात मी पडलो आणि काळजी तिची!

बसमध्ये कंडक्टरनं मला बसू दिलं नाही. सीट भिजेल म्हणाला. मी दांडा धरून ठिबकत उभा राहिलो आणि सगळा राग जिच्यावर काढायचा नाही तिच्यावर काढला.

"उद्यापासून तू बांधावर यायचं नाहीस!"

इंदुमतीनं खिडकीतून तोंड वळवलं. माझ्याकडं नीट बघितलं.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच! भांडली असती तर मी दोन वाक्यांत हरलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण 'बरं' म्हटल्यावर काय करायचं माणसानं?

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. ताठ मानेनं पहिलं पाऊल बांधावर ठेवलं, तर समोर मल्लाप्पा.

"अक्कार एल्ल्यार?" त्यानं विचारलं. अक्का कुठं आहेत?

"घरी," मी म्हणालो.

"का?"

आता काय सांगायचं? मला तिचा हेवा वाटतो म्हणून ठेवून आलो, असं सांगू? "जरा अंग गरम आहे तिचं," मी सांगून टाकलं.

पुढं प्रभंजन भेटला. "मल्लाप्पा म्हणतो अक्कांना ताप आहे. किती आहे?" मी म्हणालो, "बघितला नाही." त्याला वाटलं मी लपवतोय. बाळकृष्णपंतांना प्रभंजननं सांगितलं, त्यांना ऐकायला जरा कमी येतं. ओढ्यापर्यंत जाऊन मी परत फिरलो तोवर गवतवाल्या बाया थांबून मला विचारत होत्या, "टायफॉइडला कुठला डॉक्टर बघताय?"

मी म्हटलं, बोलतात, विसरतील. दोन दिवस असेच काढू.

नऊ वाजता मी दुकानात जायला निघालो आणि दार उघडलं, तर दारात मल्लाप्पा दुधाचा तांब्या घेऊन! त्याच्यामागं बाळकृष्णपंत, कागदाच्या पुडीत अंगारा घेऊन. त्यांच्यामागं त्यांचे तीन पेन्शनर, एकेक शहाळं घेऊन. आणि रिक्षातून प्रभंजन उतरत होता, सोबत डॉक्टर हणमंतराव, बॅगेसकट!

"कुठल्या खोलीत आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपली आहे! आत्ताच डोळा लागलाय! उठवू नका!" मी दारात आडवा झालो.

नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातून रुब्बूगुंड्याचा घरघर आवाज सुरू झाला. इंदुमती इडलीचं पीठ वाटत होती. त्या दगडाला फिरवायला चार माणसांची ताकद लागते!

"झोपेत वाटतायत?" डॉक्टर म्हणाले.

आवाज थांबला. इंदुमती हात पुसत बाहेर आली. तोंडावर घाम, मनगटापर्यंत पीठ, तब्येत ठणठणीत. तिनं शहाळी बघितली, अंगारा बघितला, डॉक्टरांची बॅग बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

आता ही एक वाक्य बोलली की संपलं! सुभाष रोडला तोंड दाखवता येणार नाही. दुकान विकून रायचूरला जावं लागेल!

"ताप होय?" ती म्हणाली. "मला नाही हो, ह्यांना आला होता. कालच्या पाण्यानं. मास्तरांना काहीतरी उलटं ऐकू आलं असणार. या, बसा सगळे. इडल्या उद्या होतील, आज पोहे खाऊन जावा."

सगळे माझ्याकडं वळले. मल्लाप्पानं दूध माझ्या हातात दिलं. बाळकृष्णपंतांनी अंगारा माझ्या कपाळाला लावला. "स्वतः आजारी, आणि बायकोचं नाव सांगत होते! किती मानी माणूस!" डॉक्टर हणमंतरावांनी ताप बघितला आणि मला एक इंजेक्शन दिलं. कशाचं होतं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. दुखलं मात्र खूप!

सगळे गेल्यावर मी इंदुमतीपुढं शहाळं फोडून ठेवलं.

"मला तुझा हेवा वाटला," मी म्हणालो. तीस वर्षांच्या संसारात इतकं जड वाक्य मी उचललं नव्हतं.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "तीन वाट्या खरवस खाऊन एक अक्षर बोलला नाहीत, तेव्हाच कळलं."

"मग काही बोलली का नाहीस?"

"मला बोलायला जागा कुठं ठेवता तुम्ही?" शहाळ्याचं पाणी तिनं अर्धं पिऊन उरलेलं माझ्यापुढं सरकवलं. "आणि हे बघा. मला तिथं आवडतं. ह्या घरात आल्यापासून मला सगळे 'वहिनी' आणि 'काकू' म्हणतात. तिथं आपण होऊन कुणीतरी अक्का म्हटलं. ते माझं आहे. मी उद्या जाणार. तुम्ही या, नाहीतर नका येऊ."

मी गेलो. शिट्टी कपाटात ठेवून गेलो. सांडव्याच्या वळणावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून येत होती. इंदुमती पुढं निघून गेली होती, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून झाडाला टेकून उभा राहिलो. बाई जवळ आली, भाऱ्याखालून माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "बरं झालं थांबलात, अण्णा."

अण्णा! कुणाचा यजमान नाही, नुसता अण्णा! माझी छाती अशी फुगली, की शिंप्याची टेपसुद्धा तिच्याभोवती पुरली नसती! हे ताबडतोब इंदुमतीला दाखवावं म्हणून मी वळलो, ती बाई दिसेनाशी व्हायच्या आत हात उंचावून हाका मारायला लागलो, "इंदू! अगं इंदू, बघितलंस का?"

मागून लांबून किणकिण ऐकू आली. मग जवळून. मग अगदी पाठीशी ब्रेक लागला.

"काका," प्रभंजन नम्रपणे म्हणाला, "तुम्ही वाटेच्या मधोमध उभे आहात."