विस्तव ज्याचा, जेवण त्याचे

आग लागली की गाव पाण्याकडे धावे. शिवलिंगप्पा पाटील मात्र ती कुणामुळे लागली, हे विचारीत फिरत. छप्पर धडधडत असे आणि हे धुरातून ओरडत, "विस्तव कुनाचा?"

निजामाच्या राज्यात बंब पाहायचा तर शहर गाठावे लागे. आमच्या राजेश्वर गावात विहिरी होत्या, घागरी होत्या आणि पाटलांचा दंडक होता: आग ज्याच्या हातून लागेल, त्याने फुटलेल्या घागरी व तुटलेले दोर भरून द्यावेत, वर विझवायला धावलेल्या प्रत्येकाला जेवू घालावे. दंडकाने आगी कमी झाल्या नाहीत. धावणारे मात्र वाढले.

पुजाऱ्याच्या समईने देवळाचा मांडव पेटला, तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, देवाचा दिवा हाय."

"व्हय? मंग पंगतीत वाढायला देव येनार हाय का?"

पुजाऱ्याने वाढले. पाटलांनी दोनदा वरण मागितले. या माणसाला दयामाया नाही, असे माझे मत झाले. मी शाळामास्तर, मते लवकर बनवीत असे.

पुढे गंगाक्काच्या हातून आग लागली. बाई विधवा, घरात एक म्हैस. काडेपेटी परवडत नसे, म्हणून बायका शेजारच्या चुलीतला निखारा गोवरीवर आणीत. तिच्या गोवरीची ठिणगी वाऱ्याने उडाली आणि तिचीच कडब्याची गंजी जळाली. विझवायला चाळीस माणसे धावली होती. चाळिसांना जेवू घालायचे, म्हणजे म्हैस विकायची. चावडीत ती उभी राहिली, रडली नाही.

"विस्तव कुठून आनलीस?" पाटलांनी विचारले.

"अप्पा, म्या त्या..."

"गप! माझ्या चुलीतनं आनलीस. विस्तव माझा, जेवन माझं."

"पर अप्पा..." मागून कुणीतरी म्हणाले.

"तुला जेवायचं न्हाई का?"

तो खाली बसला. पाटलीणबाईंना जाऊन तीन वर्षे झाली होती. पाटील भावाकडे जेवत. त्यांच्या घरची चूल तेव्हापासून पेटलेली नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी ती पेटली. भाकरी गंगाक्काने थापल्या. वाढायला स्वतः पाटील. पंगत उठू लागली, तेव्हा ते भाकरीची टोपली घेऊन दारातच उभे राहिले.

"बसा की, मास्तर. घाई कामून करायलाव?"

मी पुन्हा बसलो. भूक नव्हती.