मध्ये बोलू नये

नौपाड्यात हरिहरपंतांच्या घरी सांभाळायला आणलेली शालू बोलत नाही, ही गोष्ट घरच्या मंडळींच्या ध्यानात यायला सहा महिने लागले. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. त्या घरात तोवर बोलणाऱ्याची उणीव कधी भासलीच नव्हती.

हरिहरपंत कचेरीत हेडक्लार्क. कोणताही विषय ते पूर्वपीठिकेपासून सुरू करीत. सुहासिनीबाई त्या पूर्वपीठिकेत दुरुस्त्या सुचवीत आणि पंतांची आत्या गोदूबाई त्या दुरुस्त्यांना नात्यागोत्यातले दाखले जोडीत. पोटी मूल नव्हतं. चौपन्न सालची गोष्ट. मुलगी दत्तक घ्यायला कायद्यात जागा नव्हती, म्हणून एका बालकाश्रमाने पाच वर्षांची शालू त्यांना वर्षभर सांभाळायला दिली होती. वर्ष नीट गेलं तर मुलगी कायमची राहणार; नाही तर ती परत घेऊन दुसरी देण्याची सोय होती. सोय हा शब्द आश्रमाचा.

पहिल्याच दिवशी हरिहरपंतांनी तिला समोर बसवून घराचं वळण सांगितलं. "हे बघ बाळ, आपल्याकडे नियम एकच. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. त्यांचं संपलं की मग बोलायचं." शालूने मान डोलावली. मग पंतांनी मायेने विचारलं, "राहशील ना आमच्याकडे?"

शालू तोंड उघडणार तोच गोदूबाई म्हणाल्या, "राहील नाही तर जाईल कुठे?"

"असं बोलू नये हो तिच्यासमोर," सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि बोलणं त्यांच्या माहेरच्या एका पोरक्या भाच्यावर गेलं. तो भाचा जेवणं होईपर्यंत पुरला. पानावर शालूला कोणीतरी विचारलं, "भात हवा का गं आणखी?" दुसरं कोणीतरी म्हणालं, "नको असेल, लहान पोट आहे."

पोर गुणी होती. काही हवं असलं की जवळच्या माणसाचा सदरा नाही तर पदर हळूच ओढायची आणि वाट पाहत उभी राहायची. हरिहरपंत बोलता बोलताच तिचा हात सोडवून त्यात खडीसाखर ठेवीत. त्यांचा तिच्यावर भारी जीव जडला होता. ती झोपली की तिच्या कपाळावरचे केस बाजूला सारीत ते बसून राहत, आणि दिवसभरात तेवढाच वेळ ते गप्प असत. नेमकी तेव्हा ती झोपलेली असे.

पोर मुकं असल्याचं लक्षात आल्यावर मात्र घराने हयगय केली नाही. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी शालूला विचारलं, "नाव काय बाळ?" गोदूबाईंनी नाव सांगितलं. "वय काय?" हरिहरपंतांनी ते आश्रमाच्या दाखल्यासकट सांगितलं. "घसा दुखतो का?" सुहासिनीबाई म्हणाल्या, "दुखत असेल तरी सांगते कुठे?" डॉक्टरांनी 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं आणि मात्रेच्या कागदी खुणा चिकटवलेली तांबड्या औषधाची बाटली दिली. त्या औषधाने भूक वाढली. तेही शालूला सांगता आलं नाही.

कल्याणच्या वैद्यांनी वाणीची उत्पत्ती तासभर समजावली आणि जिभेवर मधातून वेखंड चोळायला सांगितलं. कानाच्या डॉक्टरांनी मागे उभं राहून हलकेच "शालू" अशी हाक मारली. तिघांनी एकदम वळून "हो, हिचंच नाव" म्हणून सांगितलं. शालूही वळली होती, पण तिघांच्या आड ती दिसली नाही. शेजारपाजारच्या पोरांत मिसळू द्यावं, असं एकदा निघालं होतं. पण न बोलणारं पोर हरवलं तर पत्ता कोण सांगणार, म्हणून तिला घरातच ठेवण्यात आलं.

अखेर घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल्स दोषी ठरवले. त्या काळी टॉन्सिल्स निर्दोष सुटल्याचं उदाहरण नव्हतं. पण टॉन्सिल्स शालूचे असले तरी शालू अजून आश्रमाची होती. ते कापायला आश्रमाच्या समितीची परवानगी हवी. परवानगी मागताच समितीला कळलं की पोर बोलत नाही. उलट टपाली उत्तर आलं: मुलीसह हजर व्हावे, बदलून देण्याचा विचार करता येईल.

ते वाचून हरिहरपंत उठून उभे राहिले. "बदलून म्हणजे काय? पोर आहे की फुटकी बरणी?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आयुष्यात प्रथमच त्यांनी पूर्वपीठिका गाळली होती.

समितीच्या अध्यक्षा मंदाकिनीबाई. त्यांनी बालसंगोपनावर प्रास्ताविक केलं. चिटणीस म्हणाले, "आश्रमात ही शांत होती. तिथल्या गलक्यात कोण बोलतं नि कोण नाही, कसं कळणार?" गोदूबाईंनी त्या पोरक्या भाच्याचा दाखला काढला, सुहासिनीबाई रडता रडता दुरुस्त्या करू लागल्या, पंत हात जोडून शालूचे गुण सांगू लागले. शालू त्यांचा सदरा ओढत होती. "मत घेऊ या," असं अध्यक्षा म्हणाल्या, तोच जवळच्या गिरणीचा भोंगा झाला.

भोंग्यापुढे कोणाचं काय चालणार? सगळे हात वर नि तोंडं उघडी ठेवून थांबले. भोंगा संपला. मोठी माणसं पुन्हा श्वास घेत होती, तेवढ्यात एक बारीक आवाज आला.

"संपलं?"

कोणी काही म्हणालं नाही. म्हणजे संपलं होतं. शालूने शिल्लक राहिलेली उत्तरं शेवटापासून द्यायला घेतली.

"मागून हाक मारली ती ऐकू आली. वेखंड नको. घसा दुखत नाही. त्या दिवशी भात हवा होता." मग हरिहरपंतांचा सदरा सोडून त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, "आणि राहीन."

डोळे पुसायला हरिहरपंतांना उपरणं सापडेना.

समितीने वस्तुस्थितीची नोंद घेतली. 'बोलत नाही' हे खोडून ठराव झाला: मुलगी कायम ठेवण्यास हरकत नाही, मात्र मोठ्यांमध्ये बोलते, तरी पालकांनी वळण लावावे.

त्या ठरावाची प्रत हरिहरपंतांच्या ट्रंकेत तळाशी आहे आणि ठरावाची अंमलबजावणी अद्याप झालेली नाही. ही गोष्ट घरात मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांनी मात्र आता इथे थांबावं. मघापासून कोणीतरी तुमचा सदरा ओढतं आहे.