बोटांना इचारा

साळवे मामांनी पहिल्याच भेटीत माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. दौंडच्या त्या चाळीत मी नुकताच राहायला आलो होतो. दारात सामानाचा टेम्पो उभा, आणि हा उंच, मिशाळ गृहस्थ माझं नावगाव न विचारता चष्म्याची काडी हलवून बघत होता. "ढिला हाय," एवढंच बोलले आणि चष्म्यासकट शेजारच्या घरात गेले. चष्मा परत येईपर्यंत मी टेम्पोच्या हमालाला घरमालक समजून वाकून नमस्कार घातला होता.

मामा लष्करात आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारे. पेन्शन मामांना मिळाली, पण त्यांच्या हातांना ते कुणी कळवलंच नव्हतं. मामा कधी स्वस्थ बसले नाहीत. चहासुद्धा उभ्यानं, दोन घोट इकडे, दोन घोट तिकडे. बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी हवेतच काहीतरी पिळत असायची. केडगावला मामींच्या भाचीच्या लग्नात, बुद्धवंदना चालू असताना, यांनी नवरदेवाला उठवलं आणि त्याची खुर्ची उलटी करून बोल्ट आवळला.

"पडला असता का नवरा?" मामी अजून विचारतात.

"न्हाई पडला, ते कुनामुळं?" मामांचं उत्तर ठरलेलं.

घरी त्यांचा खरा उद्योग छर्ऱ्याच्या बंदुकांचा. मोबाइल नुकते आले होते त्या दिवसांत शिरूरकडच्या बागायतदारांना बंदुकीवर दुर्बीण बसवायची हौस सुटली होती. बंदुकीच्या पाठीवर दोन कड्या, कड्यांत दुर्बिणीची नळी आणि कड्यांना एवढेसे बारके स्क्रू. स्क्रू ढिले राहिले तर प्रत्येक बार उडाला की दुर्बीण सरकते आणि नेम चुकतो. जास्त आवळले तर नळीच चेपते. ठरलेला जोर झाला की 'टक्' करून थांबवणारा टॉर्क पाना असतो म्हणे, पण तो पलटणीतच राहिला. मामांकडे उरली एक काटकोनात वाकलेली स्क्रूची किल्ली आणि दोन बोटं.

पहिलं गिऱ्हाईक शेळके आप्पा. आप्पांना बांधावर करवंट्या मांडून उडवायचा नाद. नवी दुर्बीण त्यांनी स्वतःच बसवली होती, आणि ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तशी, किल्लीला लोखंडी पाइप अडकवून! नळीला कंबर आली होती.

मामांनी ती डोळ्याला लावली आणि दुःखानं खाली ठेवली. "आप्पा, ही दुर्बीण हाय. नांगर न्हाई."

"आवो, ढिलं ऱ्हायलं म्हंजी?"

"जोर कशाला लावता? बोटांना इचारा की!"

हे त्यांचं पालुपद. मग उभ्या उभ्या शिकवणी सुरू झाली. स्क्रूवरचं तेल पुसायचं. आधी सगळे हलक्या हातानं टेकवायचे. मग किल्लीची लांब दांडी स्क्रूत घालायची, आखूड दांडी चिमटीत धरायची, म्हणजे जोर आपोआप बेताचा राहतो. एक इकडचा, एक तिरका समोरचा, थोडं थोडं. कडीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. "फिरता फिरता स्क्रू जड हुतो. त्या टायमाला बोटं म्हनत्यात, थांब. तवा थांबायचं."

शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून कडीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू हलला. ही बाटली आणायला मामी जायच्या. बांगड्यांच्या दुकानातली पोरगी हसायची, "मावशी, या वयात लाल?" मामी ठसक्यात सांगायच्या, "बंदुकीला लावायचंय." पोरगी पुढं हसायची नाही.

आप्पांनी दुसरी दुर्बीण घेतली. ती मामांनी बसवली, आणि आठवड्यातच आप्पा परत आले. रेघ तुटलेली, छर्रा भलतीकडेच. मामांनी पुन्हा आवळली. आप्पा पुन्हा आले. आता नळीवर कडीचे वळ उठले होते आणि दुर्बिणीचा नेम जुळवायचा डायल फिरत नव्हता. आप्पा भले, नवी दुर्बीण आणतो म्हणाले.

त्यानंतर मामांच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. सकाळी उठले की बाहेर. न्हाव्याची खुर्ची, स्टेशनवरचा बाक, शाळेचं फाटक, चाळीतल्या सगळ्या सायकली, दिसेल तो स्क्रू पिळायचे, सोडायचे, पुन्हा पिळायचे. लोक वैतागले. माझाही चष्मा एकदा पुन्हा गेला, तो काचेला तडा घेऊन आला. मी भांडायच्या तयारीनं शेजारी गेलो. मामा घरी नव्हते, मामी होत्या.

"भाऊजी, रागावू नका," त्या म्हणाल्या. "साखरंच्या दुखन्यानं त्यांची बोटं बधिर झाल्यात. लोकांचे स्क्रू तपाशीत न्हाईत ते, सोताची बोटं तपासत्यात. एखादा तरी स्क्रू बोलंल म्हनून हिंडत्यात."

मला माझ्या तावाची लाज वाटली. मामी पुढं म्हणाल्या, "आप्पांची नवी दुर्बीण उद्या बसवायचीय. आता बिघडली तर हत्यारांची पेटी माळ्यावर टाकनार म्हनत्यात. पेटी गेली तर हा मानूस कशानं जगंल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम शेजारी जाऊन बसलो. आप्पा नवीकोरी दुर्बीण घेऊन आले होते. मामांनी तेल पुसलं, स्क्रू टेकवले, किल्ली चिमटीत धरली, आणि थांबले. धरली, ठेवली. पुन्हा धरली. खिडकीपर्यंत जाऊन आले.

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी सरळ किल्ली उचलली. इतक्या वर्षांत त्या पेटीला त्यांनी फडकंसुद्धा लावलेलं मामांना खपलं नव्हतं.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"जल्मभर ऐकतीया. तुम्ही सांगा, म्या पिळते."

मामा मामींच्या शेजारी खाली बसले. मी त्यांना बसलेलं प्रथमच बघत होतो. "आता तिरका समोरचा... हळू... फट बघ." मामींनी डोळे मिटले होते. मामांचं सगळं लक्ष मामींच्या चिमटीकडे.

"काय म्हनत्यात?" मामांनी हळूच विचारलं.

"अजून न्हाई... अजून न्हाई... हां. थांब म्हनत्यात."

"मग थांब."

चाळीमागच्या मोकळ्या जागेत आप्पांनी करवंट्यांवर बार काढले. एकामागून एक उडाल्या. छर्ऱ्यांची डबी संपत आली तरी नेम हलला नाही. आप्पा पोरासारखे हसत, मामींच्या पाया पडतो म्हणत शिरूरला गेले.

बार काढण्याआधी रेघा मात्र मामांनीच ओढल्या होत्या. बधिर बोटांत ब्रश कलला, एक थेंब मामींच्या अंगठ्यावर सांडला. आता आप्पा गेल्यावर मामी तो नखानं खरवडायला लागल्या, तशी मामांनी बाटली पुन्हा उघडली, त्यांचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या नखावर नीट लाल रेघ ओढली.

"रेघ मारलीया," ते म्हणाले. "आता तू हललीस, तर कळंल मला."

"चला, कायतरीच. भाऊजी बघत्यात," मामी म्हणाल्या. पण हात त्यांनी मागं घेतला नाही.