लगतधारकांना नोटीस

चन्नप्पाकाकांनी ड्रोन उडवण्याआधी शेजाऱ्यांना नोटिसा वाटल्या. स्वतःच्या वळणदार अक्षरात, खाली सही-तारीख, आणि वर 'लगतधारक' म्हणून आमची नावं.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेत. शेत मोजायचं तर आधी बाजूच्या शेतकऱ्यांना नोटीस, ही त्यांची जन्माची सवय. ड्रोन तळहातावर मावेल एवढा, पण काकांच्या लेखी ते सरकारी कामच. आमच्या भागात ड्रोन उडवायला मोकळीक आहे, हे त्यांनी सरकारी नकाशावर तपासलं होतं. राहिल्या सह्या. "हद्द जमिनीवर संपत न्हाय. वरबी असती की," असं ते दारोदारी समजावत होते.

सगळ्यांनी सह्या दिल्या. मी दिली नाही.

कारण सांगायला लाज वाटते. सकाळी मी गच्चीवर फोनवर बोलायची तालीम करते. गॅस एजन्सीला फोन करायचा असला तरी आधी 'हॅलो' तीन प्रकारे म्हणून बघते. ते कॅमेऱ्यात नको होतं. पण तोंडावर सांगायला धीर लागतो. त्याऐवजी मी इंटरनेटवरून ड्रोन आणि खासगीपणाचे नियम शोधले, चार पानांची प्रिंट काढली आणि काकांच्या दारातल्या चपलांशेजारी ठेवून पळून आले.

दुसऱ्या दिवशी काका ती पानं घेऊन हजर. ओळींखाली लाल रेघा.

"काय गं यव्वा, माणसापासनं पन्नास मीटर लांब ऱ्हायचं म्हणतंय. आपल्या दोन घरांत पन्नास फूटबी न्हाईत. आन खाली लंडनचा पत्ता कशापायी?"

शाळेत इंग्रजीत मी कायम पहिली. आणि आता इंग्लंडचा कायदा सोलापूरला लावून बसले होते.

"चुकलं, काका."

"असू दे. कायदा कुटलाबी असंना, तुजी हरकत ती हरकत. उद्या धा वाजता सुनावणी. आमच्या घरी. भाकरी करतो."

दुसऱ्या दिवशी दहाला मी गेले. काकू खिडकीशी कॉटवर होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जिना चढता येत नाही, हे मला सहा महिने माहीत होतं. भेटायला गेले नव्हते. काय बोलायचं याची तालीम पुरी होत नव्हती.

काकूंनी हात धरून बसवलं. "यंदा कुणाकुणाचे पापड झाले गं? वरचं काय बी दिसत न्हाय बघ. ह्यांना गच्चीवर धाडते, तर येऊन सांगतात, 'कापडं हायत.' कुणाची? कसली?"

"मला कळत न्हाय, म्हणून तर यंत्र आणलं," काका तव्याकडे बघतच म्हणाले. "पण हिची गच्ची मधोमध हाय. सही न्हाय, तर उडवणं न्हाय."

मी सही केली. 'सकाळी नऊनंतर' अशी अट घातली. काकांनी गंभीरपणे नोटिशीवर तसा शेरा लिहिला.

रविवारी काकूंना अंगणात खुर्चीवर बसवलं. ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या मोबाइलच्या पडद्यावर सावली पडावी म्हणून काका उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. मी आमच्या गच्चीवरून बघत होते.

"थांबवा, थांबवा! ते लाल काय? मिरच्या! आन देठं काढलीच न्हाईत की बाईनं!" काकूंचा आवाज इतका मोठा असतो, हे मी विसरले होते.

ड्रोन आमच्या कठड्याशी येऊन थबकला.

"येऊ का गं आत?" काका खालून ओरडले.

"या की!" मी ओरडले. तालमीशिवाय.

ड्रोन कठडा ओलांडून माझ्या डोक्यावर आला. मग काकू म्हणाल्या, "अगं, डोस्क्याचं पार घरटं झालंय तुज्या! हितं ये खाली, तेल लावून देते."