गोड्या पाण्याचा समुद्र

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि चौथीचंही अर्धं वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाबाहेर उभं राहण्यात गेलं. तेव्हा वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील तर माफी असावी. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून हे कागदावर. नाना देवतळ्यांसारखा माणूस कुठेतरी लिहून ठेवायला हवा असं फार दिवस मनात होतं.

नाना नदीकाठी शिंपले पेरायचे.

खरंच पेरायचे. आमच्या जबलपुरात समुद्र नाही हे लहान पोरालाही माहीत आहे. पण शहराबाहेर, बरगीच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी श्रीमंतांच्या बंगल्यांची एक कॉलनी आहे. नाव ‘सागर किनारा’. ते नाव नानांनीच सुचवलेलं. नाना तिथले दलाल, चौकीदार आणि नावाडी, तिन्ही. गिऱ्हाईक यायचं असलं की सकाळीच खताच्या पिशवीतून शिंपले काढून मूठमूठ काठावर फेकायचे, धान पेरतात तसे. कुठल्याशा मेळ्यातून विकत आणले होते. गिऱ्हाईक गेलं की आम्ही दोघं वाकून ते पुन्हा वेचायचो. एखाद्या पोराने शिंपला खिशात घातला तर नाना तोंडाने म्हणायचे, “ने बापा, ने.” आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच, “शांताबाई, मोठावाला गेला न.”

डोक्यावर पांढरी टोपी असायची, जहाजाच्या कप्तानासारखी, सोनेरी पट्टी लावलेली. पट्टी माझ्या जुन्या साडीच्या काठाची होती. गळ्यात शिट्टी. गिऱ्हाइकासमोर पाण्यात उतरायचे, ओंजळभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, “समुंदर आहे जी, समुंदर. फक्त खारा नाही. खारा नाही म्हणजे खिडकीला जंग नाही, केस गळत नाही. मुंबईवाल्यांच्या ग्रिल पाहा एकदा.”

मी त्या बंगल्यांमध्ये स्वयंपाक करते. नवरा गेला तेव्हा एका बंगल्यामागची खोली नानांनीच मला मिळवून दिली. त्यांना घरदार नव्हतं. पंपाच्या खोलीत राहायचे.

बंगलेवाले दिवाळीनंतर येतात. भोपाळ, नागपूर, दिल्ली, कुठून कुठून. झाडांना दिवे लागतात, गच्चीवर कोंबड्या भाजतात, नाना सगळ्यांना आपल्या बोटीतून फिरवतात. होळी झाली की एकेक कुलूप लागतं. मग कॉलनीत उरतात कुत्री, नाना आणि मी. आणि समुद्रही निघून जातो. धरणाचं पाणी खाली खाली सरकतं. मे महिन्यात बंगल्यांसमोर नुसता भेगाळलेला गाळ, बुडालेल्या झाडांचे बुंधे, आणि फार लांब एक चकाकती रेघ.

म्हणून नानांचा नियम होता, “मई में ऑफिस बंद.” फोनही बंद. महिनाभर घर दाखवायचं नाही. दुपारी टोपी काढून गाळातून चालत कुठेतरी जायचे आणि सांजेला चिखलाचे पाय घेऊन परतायचे. मला वाटायचं, मासे धरतात.

त्या वर्षी थंडीत प्रसादसाहेब आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जबलपूरला नुकतीच बदली झालेली. सोबत त्यांच्या आई. आजी कोकणातल्या, समुद्राला लागून घर होतं, ते भावकीत विकलं गेलं. आता जबलपूरच्या फ्लॅटमध्ये त्यांना झोप येत नव्हती. “कानाला आवाजच नाही,” म्हणायच्या. मुलाने ठरवलं, पाण्याजवळ घर घ्यायचं.

पाणी तेव्हा कुंपणाला लागलेलं होतं. आजींनी काठावरचा एक शिंपला उचलला, उलटा केला, वास घेतला.

“ही तर तिसरी, कालवणात घालतो ती,” आजी म्हणाल्या. “खाऱ्या पाण्यातली. इथे कशी?”

नानांची पापणीही लवली नाही. “आजी, नर्मदा जाते न समुंदरात. तिथून आली असंल.”

“नदी समुद्राकडे जाते. हा शिंपला उलटा चालत आला?”

“हिंमतवाला असंल जी.”

आजी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. प्रसादसाहेब आईकडे बघतच राहिले. बदली झाल्यापासून ती हसलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्याच दिवशी त्यांनी एका बंगल्यासाठी एक लाखाचा बयाना दिला. नानांनी तो मालकाला पोचवला. बोली अशी ठरली की अक्षय तृतीयेला रजिस्ट्री करायची, आणि घेणाऱ्याने सौदा मोडला तर बयाना बुडाला.

अक्षय तृतीया म्हटल्यावर नानांची टोपी जरा सरकली. “पाडव्याला करू न जी. दिवाळीचा पाडवा चांगला असते.” पण आजींनी मुहूर्त धरून ठेवला. वर आठ दिवस आधी राहायला येते म्हणाल्या.

आल्या. मुलगा त्यांना पोचवून कामावर गेला. आजी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. नाना पंपाच्या खोलीमागे दडले होते. मीच त्यांना ओढून आणलं.

“पाणी कुठे गेलं हो?”

“ओहोटी आहे जी.”

“भरती कधी?”

“येते न. संध्याकाळी.”

तोंडातून निघून गेलं ते गेलं. संध्याकाळी आजी खुर्ची टाकून बसल्या. अंधार पडला तरी पाणी आलं नाही. नाना म्हणाले, “अमावस्या जवळ आली न, म्हणून उशीर होऊन राहिला.”

“अमावस्येला तर उधाण येतं.”

“इकडं उलटं असते जी.”

आजींनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता. रोज संध्याकाळी त्या खुर्ची थोडी पुढे सरकवायच्या. आधी व्हरांड्यात, मग पायरीखाली, मग कुंपणाच्या फाटकात. नानांचं जेवण तुटलं. भाकरी पुढे घेऊन बसायचे आणि तशीच कुत्र्याला टाकायचे.

“सांगून टाका,” मी म्हटलं.

“सांगितलं तर सौदा मोडते. मोडला तर त्यांचे लाख रुपये बुडते. नाही सांगितलं तर म्हातारी दरवर्षी इथं अशीच बसंल. काय करू, सांगा तुम्हीच?”

आजींनी एकदा मलाच विचारलं, “शांता, तू तरी सांग, भरती येते ना गं?” मी खाली बघून म्हटलं, “भाजीत मीठ कमी पडलं का?”

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन फाटकाशी गेले तर खुर्ची रिकामी. आजी गाळात चालल्या होत्या, हातात काठी, सरळ त्या रेघेकडे. पाणी येत नाही तर आपणच जाऊ म्हणाल्या असतील. वरून वाळलेला दिसतो तो गाळ, पण खाली दलदल असते. दर उन्हाळ्यात एखादं गूर त्यात फसतं. मला ओरडायचं होतं आणि घशातून आवाज निघेना. हातातला कप मी पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर फेकला.

नाना बाहेर आले. आजी तोवर गुडघ्यापर्यंत आत गेल्या होत्या. नानांनी शिट्टी फुंकली, “हलू नका! आजी, हलू नका जी!” आणि धावले. सरळ नाही, डावीकडून लांबचा वळसा घेऊन. मला वाटलं, हे कुठे चालले? पण त्यांचे पाय कुठेच रुतत नव्हते. आजींच्या बाजूला पोचले, आडवे झाले, काखेत हात घालून त्यांना ओढून घेतलं. काठी आणि चपला गाळातच राहिल्या. त्याच वाटेने मीही गेले.

“इथं रस्ता आहे,” नाना धापा टाकत म्हणाले. “गाडरस्ता, बैलगाड्यांचा. माझ्या गावचा. गाव धरणात गेलं.”

आजींना परत आणायचं सोडून त्यांनी पाठंगुळीला घेतलं आणि तसेच पुढे चालत गेले. एका ठिकाणी दगडांचा चौथरा गाळातून वर आला होता. मध्ये जमिनीत बसवलेलं दगडी उखळ.

“माझ्या मायचं आहे,” नाना म्हणाले. “इथं चूल होती. फक्त मईत दिसते. म्हणून ऑफिस बंद असते जी.” मग टोपी काढायला डोक्याला हात लावला, टोपी गाळात पडली होती. “भरती नाही येत, आजी. धरण आहे हे. पाऊस पडला की भरते, होळीनंतर उतरते. दरसाल. मी खोटं बोललो.”

“रोज येत नाही?”

“नाही जी.”

“धरण ते दिसतंच. मला वाटलं, वरच्या धरणाची दारं संध्याकाळी उघडत असतील.”

नाना हसले नाहीत. आजींनी पदराने उखळातला गाळ पुसायला घेतला. कोपऱ्यातला निघत नव्हता, तो बोटाने काढला. दोघं उखळाशी बसले. एकाला पाणी गेलेलं हवं होतं आणि एकीला आलेलं.

गाळातलं सगळं कळल्यावर साहेबांनी सौदा मोडला. मालकाने फोनवर सांगितलं, घेणाऱ्याने मोडला, बयाना विसरा. प्रसादसाहेब नानांना नको नको ते बोलले. दलाल, ठग, म्हाताऱ्या बाईला मारलं असतं. नाना एवढंच म्हणाले, “पैसे मी देतो जी.”

नानांनी बोट विकली, इंजिनासकट. महिना व्हायच्या आत आम्ही दोघं बसने आजींच्या फ्लॅटवर गेलो. साहेब बँकेत होते. नानांनी लाखभर रुपये पुढे ठेवले. आजींनी त्यातली एक गड्डी घेतली आणि बाकीचे परत सारले.

“एवढेच. बाकीचे पुढच्या महिन्यात.”

“काहून जी? पुरे आहेत न.”

“पुरे आहेत म्हणूनच. एकदम घेतले तर पुन्हा कशाला याल?”

नाना माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे.

उरलेले पैसे माझ्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले. पैसे खोलीत ठेवून जायची मला धास्ती, म्हणून बाहेर जाताना तो डबा पिशवीत घालून सगळीकडे हिंडवायची. दर महिन्याला आम्ही जायचो. आजी सोलकढी करायच्या. नाना घोट घेऊन तोंड वाकडं करायचे, “हे खारं समुंदर आहे जी.” आणि दुसरी वाटी मागायचे. आजी त्यांना समुद्राचं सांगायच्या, नाना त्यांना गावचं. मी ऐकायची. निघताना आजी एक गड्डी घ्यायच्या, तीही रडतखडत.

दसऱ्यानंतर एकदा गेलो तर दार प्रसादसाहेबांनी उघडलं. सुट्टी घेतली होती.

“बोट उन्हाळ्यातच विकलीत ना? सगळे पैसे एकदम मिळाले, मी चौकशी केलीय. आणि माझ्या आईला हप्त्याने भीक घालता? बस झालं. उद्या ठाण्यात रिपोर्ट देतो.”

नाना नवी टोपी हातात घेऊन पायपुसण्यावर उभे होते. पट्टी अजून लावायची होती. आजींनी तोंड उघडलं तशी नानांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून. आईला मुलाची बोलणी खावी लागू नयेत म्हणून ठाण्यात जायला निघाला होता हा माणूस.

“बोला ना! कुठे आहेत पैसे?”

साहेबांनी फोन उचलला. “उद्या कशाला, आत्ताच बोलावतो.”

तेव्हा मी पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर उपडा केला. तांदूळ सगळीकडे गेला, खुर्चीवर, फरशीवर. मध्ये गड्ड्या.

“मोजा साहेब,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “नाना पहिल्याच दिवशी सगळे देत होते. आजीच नको म्हणाल्या. तुम्ही बँकेत असता. यांच्याशी बोलायला कोणी नसतं.”

“घ्या!” आजी म्हणाल्या. “वर्षभर मुकी होती, आज बोलली ती माझ्यावर उलटून.”

साहेबांनी फोन खाली ठेवला. आईकडे बघितलं. मग खाली बसून नोटांना चिकटलेले दाणे झटकत मोजायला लागले. आईच्या कपाटातल्या गड्ड्याही आणल्या, त्याही मोजल्या. मध्ये एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

“पूर्ण आहेत,” ते म्हणाले.

नानांनी टोपी घातली. “चलो शांताबाई. झाला हिसाब.” म्हणाले खरे, पण पायपुसण्यावरून पाय काही उचलला नाही.

“चलो कुठे?” आजी म्हणाल्या. “हा एवढा तांदूळ सांडलाय माझ्या घरात. तो कोण वेचणार?”

नानांनी टोपी पुन्हा काढली. टेबलाखाली वाकले आणि एकेक दाणा उचलून टोपीत टाकू लागले. शिंपले वेचताना त्यांना नेहमी घाई असायची, दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत. आज घाई नव्हती. प्रसादसाहेबही नोटा बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसले. आजी आत जाऊन सोलकढीच्या वाट्या मांडू लागल्या. पैसे फिटले होते, पैन्‌पै.